टाकीत पाडलेला भांग

बाबांनी फणी काढली, टँकरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत बघून भांग पाडला आणि काम झाल्याचं जाहीर केलं. टाकीत भांग पाडता आला की पॉलिश पुरं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम. भांग वाकडा पडला होता. लेकीनं घासायचं फडकं कमरेला खोचून ठेवलं.

बाबांची नजर अधू होत चालली होती आणि हे गुपित तिचं एकटीचं होतं. दुपारी ते डुलकी काढत, तेव्हा ती राहिलेले डाग शोधून घासून टाकायची. वर्कशॉपच्या मालकाला सुगावा लागता, तर बाबा घरी बसले असते. आणि घरी बसलेले बाबा तिला बघवले नसते.

मालकाला सगळे मागून इस्त्रीसाहेब म्हणत. कडक पांढरा शर्ट, आणि हल्ली तर उजवा हात सदा खिशात. चहाचा कपही डाव्या हातात. अ‍ॅल्युमिनियम घासलं की हाताला लागलेलं काळं दोन दोन दिवस निघत नाही, म्हणून साहेब ट्रकला भितात, अशी ती थट्टा करायची. तिचे स्वतःचे हात कोळशासारखे असायचे.

गेले दोन महिने मात्र डाग कमी सापडत होते. डोळ्यांत घालायचे नवे थेंब लागू पडले, म्हणून ती मनोमन डॉक्टरांचे आभार मानत होती.

मग ती तापानं फणफणली आणि दोन दिवस घरीच राहिली. नेमका तिसऱ्या दिवशी सगळ्यात चिकित्सक गिऱ्हाइकाचा टँकर जायचा होता. सकाळी ती धावतच आली. टाकी लखलखत होती. शिडीमागची खाच, जिथे बाबांचा हात कधीच पोचत नसे, तीही आरशासारखी. तिला रडूच आलं.

"बाबा, डोळे बरे झाले की हो तुमचे."

"डोळ्यांना काय झालं होतं?" बाबांनी ऐटीत विचारलं आणि फणी काढली.

इतक्यात साहेब आले. बाबांनी त्यांना टाकी नीट बघून घ्यायला सांगितलं.

"तुमच्या कामात काय बघायचं, उस्ताद?" साहेब टाकीकडे न बघताच म्हणाले. "भांग तेवढा वाकडा झालाय. आणा इकडे."

त्यांनी उजवा हात खिशातून काढला, फणी घेतली आणि बाबांचा भांग हलकेच सरळ केला. तो हात मनगटापर्यंत काळाकुट्ट होता.