व्हॉल्व्हचं नवं पान

"नवं पान फायलीत लावलंत का?" ऑर्डिसने विचारलं.

"लावलं की," फोनवरचा लाइल म्हणाला.

"जुनं काढून?"

"जुनं कशाला काढायचं, बाई? चांगलं होतं ते."

ऑर्डिसने फोन ठेवला, तो जरा जोरातच. धान्य वाळवायची यंत्रं बनवणाऱ्या फार्गो शहरातल्या एका कंपनीत ती माहितीपुस्तिकांची पानं सुधारून डीलरांना आणि मेकॅनिकांना पाठवायची. डीलर सगळे स्वतंत्र. पंप विकत, टायर विकत, कुत्र्याचं खाणंही विकत. त्यांना हुकूम सोडता येत नसे, फक्त पाकिटं पाठवता येत. पुढे पाकिटांचं काय होई, ते देव जाणे. एका दुकानात आपलं बंद पाकीट तिला टेबलाच्या पायाखाली दिसलं होतं. टेबल मात्र अजिबात डुगडुगत नव्हतं.

"कोणी वाचत नाही, ऑर्डिस," तिचा साहेब डेव्हिन म्हणाला. वयाने तिच्या मुलाएवढा. "सगळं वेबसाइटवर टाकू. विभाग बंद. तुम्हालाही विश्रांती."

"मला विश्रांती नकोय. शेडमध्ये बर्नरखाली आडवा पडलेला माणूस वेबसाइट बघणार आहे? बर्नरचा गॅस व्हॉल्व्ह उलटा बसला तर धान्यासकट कोठार पेटेल."

"मग एक तरी वाचणारा दाखवा. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर तुमचा विभाग गेला."

ऑर्डिसने व्हॉल्व्हचं नवं पान लिहायला घेतलं. 'चारही बोल्ट आवळा' आणि 'गॅस सुरू करा' यांच्या मधोमध तिने एक ओळ घातली: 'येथपर्यंत वाचणाऱ्याने ऑर्डिसला फोन करावा. तिच्या हातचा अख्खा रुबार्ब केक घरपोच मिळेल.'

डेव्हिनने पानावर सही केली. त्यानेही वाचलं नव्हतं.

रुबार्बच्या आंबट देठांच्या त्या केकबद्दल तिला खात्री होती. दर उन्हाळ्यात डीलरांच्या मेळाव्याला ती तो करून नेई. मंडळी "वा, बाई" म्हणत ताटल्या घेऊन बाहेर उन्हात जात आणि रिकाम्या करून आणत.

पाकिटं गेली. फोन येऊ लागले. एकाने कंपनीची कॅलेंडरं मागितली. एकाने तिच्या तब्येतीची चौकशी केली, बराच वेळ घुटमळला, आणि हवामानावर बोलून फोन ठेवला. केकचं नाव कोणी काढेना. शेवटी शेवटी ती जेवणाचा डबासुद्धा फोनशेजारीच उघडू लागली.

महिना संपला. डेव्हिनने तिला सामान भरायला एक खोकं आणून दिलं. खोकं चांगलं मजबूत होतं.

दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून थेट मायनॉट गावाच्या अलीकडे, ऑरिन ट्वाइट या डीलरच्या दुकानात गेली. डीलरांना चार शब्द सुनवायला आता साहेबाची परवानगी लागत नव्हती. ऑरिन बर्नरखाली उताणा पडला होता.

"माझं पान न वाचता हात घातलात ना त्यात?"

"व्हॉल्व्हवरचा बाण ज्योतीकडे," खालून आवाज आला. "वायसर नवा. बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही." मग एक तेलकट हात बाहेर आला. हातात तिचंच पान होतं.

ऑर्डिस शेजारच्या टायरवर बसली. "म्हणजे वाचलंत."

"वाचणार नाही तर काय? आगीशी गाठ आहे. सगळ्यांनीच वाचलं."

"सगळ्यांनी? मग एकालाही फोन करता आला नाही? माझी नोकरी गेली, ऑरिन."

ऑरिन सरपटत बाहेर आला. टोपी काढून हातात फिरवत राहिला.

"नोकरीचं ठाऊक नव्हतं हो, बाई. पण कोणीतरी फोन करायला हवा, तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. नाव लाइलचं निघालं. आणि गेल्या मेळाव्यात तुमचा केक खरोखर खाल्लेला तो एकटाच होता, त्यामुळे त्याला परत आग्रह करायला कोणाचंच मन धजेना."