देवाचं वय

मुलांनो, खाडीकाठचं एक छोटं देऊळ डोळ्यांसमोर आणा. भर दुपारी त्याची दारं-खिडक्या लावून घेतली आहेत आणि आत मिट्ट काळोख आहे. रुतिका आजाचा, म्हणजे रोहिदासचा, हात धरून उभी आहे. समोरचा संगमरवरी देव आजाच्या बापाला जाळ्यात सापडलेला. तो पुरातन ठरला तर देऊळ वाचणार, नाहीतर नव्या रस्त्याखाली जाणार.

तपासायला आलेल्या जयमाला मॅडमनी आपला खास दिवा लावला. "या उजेडात जुना संगमरवर पिवळसर दिसतो, ताजा कापलेला जांभळा," त्या रुतिकाला म्हणाल्या.

देव नखशिखान्त जांभळा दिसला.

"तुम्ही पाठवलेल्या फोटोत तर डागाळलेला होता," मॅडम चक्रावल्या. "काका, वरचा थर कुठे गेला?"

"त्यो मल व्हता, मॅडम," रोहिदास कौतुकानं म्हणाला. "तुमी येनार म्हनून वाशीचा लादी पॉलिशवाला बोलवला. पाठीला, पायाखाली, सगलीकडं मशीन फिरवली. आता देव कसा चमकतो हाय."

मॅडमनी दिवा बंद केला. "काका, देवाचं वय त्या थरातच होतं. आता मला काहीच सिद्ध करता येणार नाही."

 रुतिकानं आजाचा हात सोडला नाही. "त्यो थर परत नाय येत?" तिनं विचारलं.

"येतो. मातीपाण्यात शेकडो वर्षं पडून राहिल्यावर."

रुतिका खाडीवर गेली, फ्रॉकच्या ओच्यात चिखल भरून घेऊन आली आणि आजाच्या देखत देवाच्या तोंडाला हलक्या हातानं लावत बसली.