पिवळ्या दोऱ्याचा बिल्ला

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. मागचेही पुढे या, जागा आहे. तळहाताएवढ्या एका बिल्ल्याची गोष्ट सांगतो. मन लावून ऐका, तेवढीच माझी बिदागी.

रफूगार एक निळी जर्सी उलटी करून दिव्याखाली न्याहाळत होता. फुटबॉलच्या जुन्या जर्स्या पुन्हा अंगावर घालण्याजोग्या करायच्या, हाच त्याचा धंदा. हिची कॉलर विरली होती, ते काही अवघड नव्हतं. पण डाव्या बाहीवर बिल्ल्याच्या जागी नुसतं भोक होतं. करंगळीएवढी कापडाची पट्टीही बिल्ल्याबरोबर गेली होती.

"बाबांनी स्वतःच ओढून काढला होता," समोर बसलेली कप्तानाची मुलगी म्हणाली. "तुम्हाला माहीतच असेल."

माहीत कुणाला नव्हतं? चाळीस वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. कप्तानाची पेनल्टी गोलखांबावरून गेली आणि संघ हरला. मान खाली घालून बाहेर पडताना कप्तानाला कठड्याशी रडणारं एक पोर दिसलं. त्यानं बाहीवरचा बिल्ला ओढला आणि त्या पोराच्या हातात ठेवला. हरलेल्या माणसानं दुसऱ्याचे डोळे पुसावेत, याहून मोठी भक्ती ती कोणती? रफूगार ही गोष्ट दुकानात येईल त्याला सांगायचा.

"पुढच्या शनिवारी त्यांची सत्तरी आहे. आधी पत्ता न लागू देता ही त्यांच्या अंगावर घालायचीय," मुलगी म्हणाली. "काका, हवं तर नक्कल लावा. एवढं कोण बघतंय?"

"मी बघतो ना," रफूगार म्हणाला. "कप्तानाच्या बाहीवर नक्कल लावली तर सुई माझ्याच बोटात शिरेल."

त्या सामन्याचे बिल्ले सोळाच होते. ते सामन्याच्या सकाळी आले, आणि संघाच्या म्हाताऱ्या शिंप्यानं घाईघाईनं हातानं शिवले. पांढरा दोरा संपला म्हणून पिवळ्यानं. रफूगारानं जुन्या खेळाडूंना फोन लावले. गोलकीपरची बायको म्हणाली, त्यांचा बिल्ला त्यांच्याबरोबरच चितेवर गेला. दुसऱ्याचा काचेमागे चौकटीत होता, आणि तो माणूस जिवंत असेपर्यंत तिथून हलणार नव्हता. जुन्या वस्तूंच्या एका दलालानं मात्र टपालानं एक पाठवून दिला. दिसायला झोकदार होता. रफूगारानं तो पालथा केला आणि पुन्हा पाकिटात घातला. माणसं बिल्ल्याचं तोंड बघून फसतात, तो पाठ बघायचा. पाठीवर गाठी असतात, तुटके धागे असतात, तिथे सोंग आणायला कुणाला सुचत नाही.

बुधवारी दुपारी ताई डबा घेऊन आली. त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून चाळीस वर्षं एकटी राहिलेली.

"आठ दिवस झाले, तुझं खाण्यात लक्ष नाही. या वयात कुणाच्या प्रेमात बिमात पडलास की काय?"

"बिल्ल्याच्या," तो म्हणाला आणि त्याचा जुना फोटो पुढे केला.

ताईनं चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग डबा तसाच ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती प्रार्थनेची वही घेऊन. वहीच्या पुठ्ठ्याला आतून एक मलमलची पिशवी शिवलेली होती.

"हा ह्यांच्या मुठीत होता."

रफूगाराच्या हातातली सुई थांबली. दाजी मैदानाची निगा राखायचे. त्यांनी मारलेली चुन्याची रेषा दोरी लावून बघावी, तसूभर फरक नसायचा. त्याच सामन्यानंतर ते खेळाडूंच्या खोलीमागच्या जिन्याखाली मरून पडलेले सापडले. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. आदल्या दिवशी जेवताना चेष्टेत म्हणाले होते, "उद्याचा निकाल मला आजच ठाऊक आहे." घरातले सगळे हसले होते. आणि एकोणीस वर्षांच्या मेव्हण्यानं, म्हणजे रफूगारानंच, त्यांच्यामागे भुणभुण लावली होती, दाजी, मला एक बिल्ला आणा ना. "बघू," ते म्हणाले होते. "कप्तानाशी मला बोलायचं आहेच."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलू? तू हट्ट धरला होतास. कळलं असतं तर जन्मभर स्वतःला खात बसला असतास." ताईनं पिशवीवरून हात फिरवला. "बोटं सोडवायला दोन माणसं लागली रे. इतकं जपून आणत होते तुझ्यासाठी."

त्याला मान वर करता येईना.

"लाव तो," ताई म्हणाली. "माझ्यापाशी एवढंच होतं त्यांचं. पण कप्तान देवमाणूस. ह्यांना पहिला खांदा त्यानंच दिला. त्याच्या बाहीवर गेला तर ह्यांना बरंच वाटेल."

शनिवारी सकाळी कप्तानाची मुलगी दुकानात येऊन बसली. तिच्यासमोरच रफूगारानं हात धुतले, डोळे मिटून नमस्कार केला आणि पिशवी उसवली. कडेला पिवळा दोरा. अस्सल होता. त्यानं सवयीनं बिल्ला पालथा केला. पाठीवर गाठी होत्या, आणि त्या गाठींत अडकलेली निळ्या कापडाची एक पट्टी. ती छाटावी लागणार होती. त्यानं कात्री उचलली. पण आधी मांडून बघायचं, मग कापायचं, ही त्याची कायमची रीत. त्यानं बाही पसरली आणि बिल्ला वर ठेवला.

टाक्यांच्या भोकांवर भोकं बसली. पट्टी फाटक्या जागेत बसली, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. तुटलेल्या प्रत्येक धाग्याला त्याचंच दुसरं टोक भेटलं.

"अगबाई, हा तर ह्याच बाहीचा," मुलगी हसली. "म्हणजे ते रडणारं पोर सापडलं की काय काका?"

रफूगारानं कात्री हळूच खाली ठेवली.

"पोर नव्हतंच," तो म्हणाला.

मंडळी, आज घरी जाऊन दिवा मालवण्याआधी, चुन्याच्या सरळ रेषा मारणाऱ्या त्या दाजींची एकदा आठवण काढा.