मानलेली बहीण

परक्या मुलखाच्या वेशीवर शिपायांनी विचारलं, "ही कोण तुझी?"

देखण्या बायकोपायी आपला गळा कापतील, या भीतीने तो देवभोळा माणूस म्हणाला, "बहीण."

"अहो, काय बोलताय?" ती पुटपुटली. तोवर शिपायांनी तिला राजाच्या महालात नेलं. बदल्यात 'भावाला' मेंढरं मिळाली. खरं कळल्यावर लाज वाटली ती राजाला. त्याने तिला परत पाठवलं.

तंबूत नवरा लाडात येऊन म्हणाला, "झालं गेलं विसर. देवाने शब्द दिलाय, आपला वंश आभाळातल्या ताऱ्यांइतका वाढणार."

तिने त्याचं अंथरूण उचललं आणि बाहेर मेंढरांपाशी टाकलं.

"दादा, तू इथं झोप. तारे इथून नीट दिसतात."