आमदाराच्या कोटाची बाही

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मेहुणा शिव्यांतून वाचला.

मेहुणा आरशासमोर हात पसरून उभा होता. नवाकोरा आमदार. निवडणुकीत त्याच्या बहिणीने, म्हणजे शिंप्याच्या बायकोने, त्याच्यासाठी दारोदार चपला झिजवल्या होत्या. पक्ष सत्तेवर आला तो एकाच जास्तीच्या आमदाराच्या बळावर. विरोधक आले असते तर शिंप्यांची गल्ली पाडून तिथे मोटारी लावायची इमारत उठणार होती.

आणि महिना उलटायच्या आत हा बेटा विरोधकांच्या हॉटेलात जाऊन राहिला. पेपरात फोटो आला, तलावाकाठी गॉगल लावून पहुडलेला. उद्या सरकारवर अविश्वासाचं मतदान, आणि साहेबांना त्यासाठी नवा कोट हवा होता. पाठराखणीला विरोधकांचा एक पहिलवान. तो दारातून हलायला तयार नव्हता.

“दाजी, बाही सैल ठेवा,” मेहुणा म्हणाला. “आमच्यात तोंडाने बोललेलं धरत नाहीत. हात डोक्याच्या वर गेला तरच मत.”

“आणि तुझा कधी जाणार?”

मेहुण्याने आरशातून पहिलवानाकडे पाहिलं. “वेळ आली की जाईल. बरोबरी होता कामा नये, दाजी. माझा हात लागणारच. ताईला सांगा, टीव्हीसमोर बस.”

निर्लज्जपणालाही काही माप असतं, असं शिंप्याला वाटलं. मेहुणा गेल्यावर त्याने कात्री अशी आदळली की शेजारचा इस्त्रीवाला डोकावून गेला. माझा भाऊ असा नाही, असं बायको म्हणत राहिली. तुझा भाऊ गॉगल लावून गल्ली विकतोय, असं त्याने सुनावलं आणि मशीनवर बसला.

हिशोब सोपा होता. मेहुण्याचा हात उठलाच नाही, तर दोन्ही बाजू बरोबरीत. बरोबरी झाली की सभागृहाच्या अध्यक्षांच्या मतावर निकाल. आणि अध्यक्ष आपले. पांढऱ्या केसांचा भला माणूस, गल्ली वाचवीन म्हणून भरसभेत शब्द दिलेला. त्यांचा कोट शिंप्याने मागच्याच आठवड्यात फुकट शिवून दिला होता. बाही इतकी मोकळी, की माणसाने कोट घालून झाडावर चढावं.

मेहुण्याच्या कोटात त्याने अस्तराआड जाड पट्टी घातली, दंडापासून कमरेपर्यंत, दोन्हीकडे, तिहेरी दोऱ्याने. जेवता येईल, कुणाशी हात मिळवता येईल, पण हात वर जायचा नाही. दोन बैल जुंपले तरी शिवण उसवायची नाही. बटणं गळ्यापर्यंत, आणि काजं इतकी आवळ की कोट काढायला चार माणसं लागावीत.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली दुकानातल्या टीव्हीपुढे जमली.

सरकार पडावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं अध्यक्षांनी पुकारलं. विरोधकांचे हात उठले. मेहुण्याचे मांडीवरच. शिंपी गालात हसला. “उचल म्हणावं हात आता,” तो पुटपुटला.

मग सरकारच्या बाजूने कोण, असा पुकारा झाला.

मेहुणा ताडकन उभा राहिला. विरोधकांच्या बाकांवरून कुणी तरी ओरडलं. त्याने उजवा हात झटकला, मग डावा. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. पाय बांधलेल्या कोंबड्यासारखा तो जागच्या जागी उसळ्या मारत राहिला, बटणांशी झोंबला, तोंडाने काहीबाही सांगत सुटला. मतदान संपल्याची घंटा वाजली.

“अहो,” बायको म्हणाली, “याचा हात का उठत नाही?”

शिंपी उठून टीव्हीजवळ गेला. पण बरोबरीच झाली होती, आणि अध्यक्ष तर आपले होते. त्याने बायकोला तसं सांगितलंही.

अध्यक्ष उठले, कोट सारखा केला, विरोधकांच्या बाकांकडे पाहून हसले आणि सरकार पडावं असं म्हणत त्यांनी हात वर नेला. थेट डोक्याच्या वर. बाही कुठेही अडली नाही.