पहिला तुकडा

तपासायला घेतलेल्या चिक्कीच्या तुकड्यात, एका फुटलेल्या शेंगदाण्यावर, मोहरीएवढा हिरवट ठिपका होता. कारखान्यातला माल तपासणं माझं काम; मी तुकडा बशीत घालून स्वराजसमोर ठेवला. घाण्याचा पहिला तुकडा कारखाना चालवणाऱ्याने सर्वांदेखत खायचा, ही त्याच्या वडिलांची, आबांची रीत. “पाकाच्या उष्णतेने बुरशी मरते ना, मॅडम?” स्वराजने मला विचारलं. “बुरशी मरते. विष राहतं.” “लोणावळ्यात शनिवारची गर्दी आहे. माल जाणार.” “मग आधी तुम्ही खा.” “मला शुगर आहे.” “सकाळी केक चालला व्हय?” चिक्की लाटणारी बयाबाई म्हणाली. बायका हसल्या. स्वराजने बशी तिच्यापुढे सरकवली. “तूच खा. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस.” हसू थांबलं. बयाबाईने तुकडा उचलला. दारातल्या खुर्चीवरून उठून आबांनी तिचा हात धरला. कारखाना मुलाच्या हाती दिल्यापासून दोन वर्षं टाळलेलं शेवटी बोलले: “घाणा फेका. अन् स्वराज, उद्यापास्नं तू हितं यायचं न्हाई.”