डेमोचं गाणं

“एका खोलीला सहा डबे कशाला?” दिगंबरराव दुकानातल्या सोफ्यावर लेकीच्या कानाशी कुरकुरले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, मालिनीबाईंना, ते ऐकू आलं, पण होम थिएटरची हौस त्यांचीच; त्या माहितीपत्रक चाळत राहिल्या.

“ओळखीचं गाणं लावा,” दुकानदार म्हणाला. “स्पीकरची पारख तिथंच होते.”

लेकीनं फोनवरचं आईचंच गाणं लावलं. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं, वास्तुशांतीला गायलेलं, शेवटचं. पुढे गाणं का सोडलं, असं कुणी विचारलं की दिगंबरराव सांगायचे, “तिचीच आवड आटली.” मालिनीबाई तेवढ्यात चहा टाकायला उठायच्या.

सहा डब्यांतून त्यांचा पंचविशीतला गळा खोलीभर पसरला. मागे कपबश्या किणकिणल्या, आणि फोनवर कधीच न कळलेला नवऱ्याचा दबका आवाज आला, “पुरे आता. चारचौघांत शोभत नाही.”

“बघा, बारीकसारीकसुद्धा सुटत नाही,” दुकानदार खुशीत म्हणाला.

लेक चपलांकडे बघत राहिली. मालिनीबाईंनी पदर सारखा केला आणि काळ्याशिवाय दुसरा रंग मिळेल का, ते विचारलं.

“थांब जरा,” दिगंबरराव म्हणाले. “गाणं तू नाही सोडलंस. मी तुला गाऊ दिलं नाही.”